मुकं जनावर, पण चेहरा मुका नाही

जनावराला दुखलं तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, हा समज जुना आणि चुकीचा. २०१० साली उंदरांचा चेहरा पाहून वेदना मोजण्याची पट्टी आली, २०१९ मध्ये मांजरांची. तिच्यात कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. दुखणाऱ्या मांजराचे कान बाहेरच्या बाजूला वळतात, डोळे बारीक होतात, डोकं खांद्यांच्या खाली झुकतं. (घुरघुर मात्र चालूच असू शकते, तिच्यावर विसंबू नका.) संगणकालाही फोटोंतून अशाच खुणा टिपायला शिकवतात. पण कोणत्या फोटोत वेदना आहे, हे आधी माणसंच ठरवून देतात. त्यामुळे ‘यंत्र प्राण्याचं मन वाचतं’ हा दावाही पोकळच. पेंगुळलेल्या मांजराचे अर्धवट मिटलेले डोळेसुद्धा यंत्राला चकवू शकतात.