रात्रभर भिजवायचा तो रिठा, कुर्ता नाही!

नमस्कार, नैसर्गिक रंगाचा कपडा घेतलात, मनापासून थँक्यू. आता धुण्याबद्दल थोडं, कारण आठवड्यातून दोन-तीन फोन याचेच येतात, ताई रंग बदलला म्हणून.

विचारलं की कळतं, कपडा रात्रभर पावडरीत भिजत होता. आपल्याकडे सवयच आहे ती, रात्री सगळं बादलीत टाकायचं, सकाळी मावशी येऊन धुणार. पण पावडर असते अल्कली, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखी, आणि मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग अल्कलीत जांभळट पडतो. मागे एक कुर्ता परत आला, खालचा घेर बादलीच्या तळाशी न विरघळलेल्या पावडरीत बसलेला, तेवढाच जांभळा आणि वरती छान लाल. तो पुन्हा रंग धरायला तुरटीत घालून, रंगवून, वाळवून द्यायला आमचे दोन दिवस गेले. म्हणून भिजवलेला कपडा बदलून मिळत नाही, प्लीज राग मानू नका.

भिजवायचेत ते रिठे. चार-पाच रिठे रात्री तांब्याभर पाण्यात टाका, सकाळी कुस्करून बिया काढा, ते पाणी बादलीत गाळून घ्या आणि कपडा पाच मिनिटं खळबळून, उलटा करून सावलीत वाळत घाला. बस एवढंच. पहिल्या खरेदीबरोबर रिठ्याची पुडी आम्ही देतोच, मावशींनाही दाखवून ठेवा.

इंडिगो, म्हणजे नीळ, सुरुवातीला हाताला, ओढणीला लागतो, ती भेसळ नाही. तो पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर थर बसतो. रंगाच्या कुंडातून काढलेला कपडा आधी हिरवट असतो, हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो, आम्ही हे सहा-सात वेळा करतो, मग वर थोडा सुटा रंग राहतोच. पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवा.

काळा आम्ही हिरडा आणि गूळ घालून आंबवलेल्या लोखंडाच्या पाण्यातून काढतो, त्यावर लिंबू पडलं की फिकट डाग पडतो, तेव्हा मिसळ खाताना जपा आणि पडलंच तर लगेच साध्या पाण्याने धुवा.

एवढं करण्यापेक्षा केमिकल रंग का नाही, असंही विचारतात. मग ते रंगाचं पाणी सोडायचं कुठे? आमच्याकडे मंजिष्ठेचा चोथा खतात जातो, तुरटीचं पाणी आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो, किंमत थोडी जास्त पडते ती या मेहनतीचीच.

कुर्ता विटला तर टाकू नका, घेऊन या, त्यावर इंडिगो चढवून देतो, नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. फक्त पावसाळ्यात आणू नका, कपडे वाळतच नाहीत, आणि दिवाळीला हवा असेल तर दसऱ्याच्या आधी द्या.