सोलमधली 'पुन्हा वाहती' झालेली नदी

'सोलमध्ये उड्डाणपूल पाडला आणि खालची जुनी नदी आपोआप वाहू लागली' हा संदेश वर्षानुवर्षे फिरतोय, फोटोसकट. पूल पाडला हे खरं. बाकीचं अर्धवट.

चंगेचॉन ओढ्यावर 1958 पासून काँक्रीट पडलं, वर उड्डाणपूल चढला. 2003 साली महापौर ली म्युंग-बाक यांनी तो पाडायला घेतला आणि 2005 मध्ये 5.8 किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला. पण एरवी जवळपास कोरड्या पडणाऱ्या या ओढ्यात आज दिसतं ते पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने उचललेलं आहे, शिवाय भुयारी मेट्रोत झिरपणारं भूजल. रोज साधारण 12 कोटी लिटर! त्याला वीज लागते, आणि ते बिल दरसाल भरावं लागतं. पर्यावरणवाद्यांनी तिथेच यावर टीका केली होती.

मग सगळा देखावाच? तसंही नाही. काठ शेजारच्या रस्त्यांपेक्षा उन्हाळ्यात थंड असतो. आणि ज्या वाहतूक कोंडीची भीती होती ती तशी झाली नाही, याचं मोठं कारण ओढ्यात नाहीच. जुलै 2004 मध्ये सोलने बससेवा मुळापासून बदलली: रस्त्याच्या मधोमध बसची राखीव मार्गिका, बस आणि मेट्रोला एकच कार्ड, अंतरानुसार एकत्रित भाडं. फॉरवर्डमध्ये मात्र बस कुठेच नसते.

आपल्याकडे नदीकाठ सुशोभीकरणाच्या सादरीकरणात हाच फोटो हमखास असतो. तेव्हा विचारा, बस किती वाढवणार?