क्लॅनविल्यम सँडफिश

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागातील ओलिफान्ट्स–डोरिंग नदीप्रणालीत, आणि फक्त तिथेच, आढळणारा गोड्या पाण्यातील मासा. शास्त्रीय नाव लॅबिओ सीबेरी. कार्पच्या सायप्रिनिडी कुलातील हा मासा आपल्या रोहूच्याच लॅबिओ प्रजातीतला. गिलख्रिस्ट आणि टॉमसन यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन केले. आज तो संकटग्रस्त जातींत गणला जातो.

तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते. तळाच्या वाळूला, दगडांना ते टेकवून तो शेवाळ आणि गाळातले सेंद्रिय कण खरवडून खातो.

हा मुलूख हिवाळी पावसाचा. पावसाळा ओसरून वसंत आला, की मोठे मासे डोरिंगमधून बीडाउसारख्या उपनद्यांत अंडी घालायला चढतात. कोकणात चढणीचे मासे पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. पुढे उन्हाळ्यात उपनदीची धार तुटते, डोह तेवढे उरतात आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, त्यांत अडकते. यात नवे काही नाही. पूर्वी ती डोहात तग धरून पुढचा पाऊस गाठत असे. आता त्याच डोहांत बास आणि ब्लूगिल हे परदेशी शिकारी मासे असतात. गळाने मासेमारी करण्याच्या छंदापायी उत्तर अमेरिकेतला बास १९२८ मध्ये देशात आणला गेला. आटत्या डोहात पिल्लांना लपायला जागा नसते आणि हंगामाची सारी वीण तिथेच फस्त होते. मोठे मासे दिसत राहतात, म्हणून नदी भरलेली वाटते. पण त्यांच्या मागे तरुण पिढीच नसते. खरा घात हा आहे.

शेतीसाठी होणाऱ्या पाणीउपशाने डोह आणखी लवकर आटतात. ओलिफान्ट्सवरील बुल्सहूक बंधारा आणि १९३५ चे क्लॅनविल्यम धरण यांनी तर चढणीची वाटच अडवली. मुख्य ओलिफान्ट्समधून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला आहे.

बचावाचा उपाय शेतांवरच सापडला. २०२० च्या सुमारास संशोधकांनी बीडाउच्या डोहांतली पिल्ले जाळ्याने काढून, बास नसलेल्या शेततळ्यांत वाढवायला सुरुवात केली. स्थानिक शेतकऱ्यांनी त्यासाठी आपली तळी दिली. बासच्या तोंडात मावणार नाहीत एवढे झाले, की हे मासे नदीत परत सोडतात. त्याआधी प्रत्येकाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. नदीपात्रातल्या अँटेनावरून मासा गेला, की कोणता मासा वीण घालायला पुन्हा वर चढला ते कळते.