वंशावळीत कोण येतं आणि कोण नाही : जात पडताळणीचा अर्ज भरण्याआधी

जात वैधता प्रमाणपत्राच्या अर्जात बरेच जण पुरावा असूनही अडकतात. आजोबांचा शाळेचा दाखला फाइलमध्ये असतो, चुलतभावाचं वैधता प्रमाणपत्र (बोलीत नुसतं 'वैधता') असतं, पण तो कागद अर्जदाराचाच आहे हे दाखवणारी वंशावळ धड नसते. मग त्रुटीचं पत्र येतं, तेही नेमकं प्रवेशाच्या धावपळीत.

वंशावळ शपथपत्रावर द्यायची असते, नमुना ३ मध्ये. घरातल्या सगळ्या माणसांची यादी करण्याची ही जागा नाही. मूळ पुरुषापासून बापाकडून मुलाकडे उतरत आलेली साखळी दाखवायची : खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार. ज्याचा ज्याचा कागद जोडलाय तो प्रत्येक जण त्यात दिसलाच पाहिजे. काकांची वैधता जोडायची आणि वंशावळीत काकाच नाहीत, असे अर्ज दरवर्षी येतात.

नातेवाईक म्हणजे इथे वडिलांकडचे रक्ताचे नातेवाईक. सख्खे काका, चुलत काका, चुलत आजोबा चालतात. आत्याही चालते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. तिचा लग्नाआधीचा शाळेचा दाखला तर उत्तम पुरावा. आतेभाऊ मात्र चालत नाही, कारण त्याची साखळी त्याच्या वडिलांकडे जाते. मामा आणि आईचे वडील यांचे कागद कितीही जुने असले तरी सहसा कामाचे नाहीत. आंतरजातीय विवाहातल्या मुलाला आईनं तिच्याच समाजात वाढवलं असेल, तर आईची जात लागू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. खिडकीवर 'आईची जात लागत नाही' एवढंच सांगून वाटेला लावतात, ते अर्धवट आहे. पण वाढ कुठे, कशी झाली हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं.

विवाहितेनं माहेरचेच कागद लावायचे. सासऱ्यांची वैधता जोडू नका, ताई, तिचा काही उपयोग नाही. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत ठेवा.

भावकीचं प्रकरण नाजूक. आडनाव एक, गाव एक, कुलदैवत एक, म्हणून जात पडताळणी समिती नातं मानत नाही. दोन्ही घरांचा समान पूर्वज कोण आणि तिथपर्यंत मधली नावं कोणती, हे सांगावं लागतं. इथे तलाठ्याकडचा जुना वारस फेरफार, म्हणजे मयताची जमीन वारसांच्या नावावर केल्याची नोंद, कामी येतो. वारस आणि वंशज एक नव्हेत, वारसांत विधवा पत्नीही असते. पण अमका तमक्याचा मुलगा हे लेखी सांगणारा दुसरा कागद बहुतेक घरांत नसतोच.

हे जुने उतारे वाचताना लोक हमखास चुकतात. 'राघू बिन म्हादू' म्हणजे म्हादूचा मुलगा राघू. 'वल्द'चाही अर्थ तोच. 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं, बापाचं नव्हे. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, सज्ञान नसलेल्या वारसाचा पालक. तो चुलता किंवा मामाही असू शकतो, म्हणून त्याला वडील समजून वंशावळीत बसवू नका. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडा. दाखल्यावर 'बाळू' आणि उताऱ्यावर 'बाळकृष्ण' असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आधीच लावा, त्रुटी निघण्याची वाट पाहू नका.

तारखेचा घोळही मोठा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ही अर्जाची मुदत नाही आणि तुमच्या जन्माशीही तिचा संबंध नाही. कुटुंब तेव्हा महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवायचंय. वडिलांचा जन्म त्यानंतरचा असेल तर आजोबा किंवा चुलत आजोबांकडे जा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, दोन्हींसाठी रीतसर अर्ज करा. 'रेकॉर्ड जीर्ण आहे' असं तोंडी उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा. पुराव्याचा भार कायद्यानं अर्जदारावर आहे, कारकुनावर नाही.

बाकी काम सरळ : ऑनलाइन अर्ज, छापील प्रत, विद्यार्थी असाल तर प्राचार्यांची सही, मग जिल्हा समितीकडे. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे. चुकीच्या कार्यालयात फाइल पडून राहिली तर तिथून कुणी पुढे पाठवेल, या भरवशावर राहू नका.