भूत शेवटी खरं निघतं का? भुताच्या पिक्चरची पार्श्वभूमी

२०२४ साली जूनमध्ये 'मुंज्या', ऑगस्टमध्ये 'स्त्री २', सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' परत थेटरात आणि दिवाळीला 'भूल भुलैया ३', म्हणजे निम्मं वर्ष भुतांनीच खाल्लं, आणि तेव्हापासून जो तो विचारतोय की ही लाट अचानक आली कुठून. अचानक काही नाही. लाट जुनीच आहे, बदललंय ते एवढंच की भूत आता शेवटपर्यंत भूतच राहतं. आधी तसं नव्हतं. हिंदी-मराठीत कितीतरी वर्षं अडीच तास घाबरवायचे आणि शेवटच्या दहा मिनिटात इस्टेटीसाठी केलेला कट उघडा पडायचा, भूत खोटं. भूत खरं ठेवायचं का खोटं, हा एक निर्णय समजला की मला आवडणारे पिक्चर का चालतात ते कळतं असं माझं मत आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते जरा जास्तच कळतं.

वाद सिनेमाइतकाच म्हातारा आहे. १९२० च्या जर्मन मूकपटात, 'डॉ. कॅलिगरी'त, शेवटी कळतं की सांगणाराच वेड्याच्या इस्पितळातला आहे. पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाची नंतर तक्रार होती की ही चौकट आमच्यावर लादली, मग बऱ्याच वर्षांनी मूळ पटकथा सापडली तर तिच्यात पण चौकट होतीच, फक्त वेगळी. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त उलटं होतं, शेवटी एक पात्र पडद्यासमोर येऊन सांगायचं की बाबांनो असल्या गोष्टी खरंच असतात, तर पुढं १९३६ ला पिक्चर परत लावताना ते भाषणच कापून टाकलं. 'सायको' (१९६०) मध्ये शेवटी डॉक्टर येऊन लांबलचक समजावून सांगतो. मी तो पिक्चर कितीदा बघितला असेल, पण डॉक्टर बोलायला लागला की आजही चहा ठेवायला उठतो.

आपल्याकडं 'महल' (१९४९). हवेली, झोपाळा, मेणबत्ती, आणि 'आएगा आनेवाला'. त्या गाण्यात आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून गायिकेला माईकपासून दूर उभं करून गात गात चालत यायला लावलं होतं, आणि पहिल्या तबकड्यांवर तर तिचं नाव सुद्धा नव्हतं, पात्राचं 'कामिनी' हे नाव छापलं होतं. म्हणजे गाणारी पण भूतच झाली की. एवढं सगळं करून शेवटी कळतं की ती माळ्याची पोरगी होती. 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४), सगळीकडं तेच, माणसाचं कारस्थान. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६), त्यानं तर नावातच सांगून टाकलंय. 'काजळ रातीनं' ऐकताना आजही काटा येतो, पण तो गाण्याचा आहे, भुताचा नाही.

ह्या सभ्य परंपरेला सुरुंग लावला तो रॅमसे ह्या सात भावांच्या सिंधी कुटुंबानं, फाळणीआधी ह्यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. १९७० ला त्यांचा एक पिक्चर पडला, पण लक्षात आलं की मुखवटा घातलेला चोर म्युझियममध्ये शिरतो तेवढ्या एका सीनला लोक येतायत. झालं, १९७२ ला अख्खं खानदान आणि युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं आणि थोडक्या पैशात 'दो गज़ ज़मीन के नीचे' काढला. मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी नाकं मुरडली. ह्यांना फरक पडला नाही कारण ह्यांचं गिऱ्हाईक आम्ही होतो, तालुक्याची थेटरं, जत्रेतले तंबू. सिनेमाच्या धंद्याच्या नकाशात मराठवाडा मुंबईत नाही, 'निजाम' टेरिटरीत धरतात. निजाम गेला १९४८ ला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, पण वितरकांच्या वहीत निजाम काही मेला नाही. ह्याला म्हणायचं भूत.

'पुराना मंदिर' (१९८४) मी थेटरात नाही बघितला, वय नव्हतं आणि वर 'केवळ प्रौढांसाठी'चा शिक्का. यूए हा मधला शिक्का आदल्याच वर्षी आला होता, पण असल्या पिक्चरला तो कोण देणार, आणि खरं तर कुणाला पाहिजे पण नव्हता, पोस्टरवरचा तो गोलातला ए हीच निम्मी जाहिरात होती. मी बघितला गणपतीत, औशाला, मारुतीच्या पारासमोर. वर्गणी काढून व्हीसीआर आणि कलर टीव्ही एका रात्रीपुरते भाड्यानं आणायचे आणि तीन पिक्चर सलग, पहिला देवाचा कारण म्हाताऱ्या बाया पुढं बसलेल्या, दुसरा मारामारीचा, आणि एक वाजून गेल्यावर, बाया उठून गेल्या की भुताचा. कॅसेट एवढी झिजलेली की चित्रावर मुंग्या यायच्या, मग व्हीसीआरवाला पोरगा झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा, आणि तेवढ्या दोन मिनिटात पडदा निळा आणि सगळ्यांची तोंडं निळी. त्या निळ्या उजेडात मागं वळून बघायची हिंमत नव्हती. आणि त्या पिक्चरमध्ये सामरी ह्या सैतानाचं मुंडकं एकीकडं पेटीत आणि धड दुसरीकडं गाडलेलं, शाप काय तर त्या घरातली बाई बाळंतपणात मरणार. आता हसू येतं रबरी मुखवट्याचं. पण शाप नीट बघा, सैतानाला शिक्षा दिली राजानं नि मरणार कोण तर बाळंतीण. हे लिहिणाऱ्याला गाव माहिती होतं.

आता जरा अडकायचंच आहे तो शब्द, भानामती. हॉरर हा शब्द आमच्याकडं व्हिडिओ आणि केबलबरोबर आला, त्याच्या आधी 'भुताचा पिक्चर', आणि त्याच्या पण आधी घरोघर भानामती. लातूर, धाराशिव (आधीचं उस्मानाबाद), नांदेड आणि पलीकडं कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर हा शब्द असा वापरतात की एकाच शब्दात बऱ्याच गोष्टी कोंबलेल्या असतात. घरावर दगड पडतात ती भानामती. दोरीवरच्या कपड्याला आपोआप आग लागते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात ती पण भानामती. बाई कुत्र्यासारखी भुंकायला लागली की भानामती, आणि हे सगळं कुणीतरी शेजाऱ्यानं मुद्दाम केलंय असा संशय आला की त्या करणीला पण भानामतीच. म्हणजे घटना, आजार आणि आरोप, तिन्हीला एकच नाव. म्हणून तर घोळ. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी मंडळी मराठवाड्यात गावोगाव फिरली, त्यांची पद्धत सरळ होती, घरातल्या प्रत्येकाला एकेकटं बसवून विचारपूस करायची, आणि बहुतेक वेळा दगड टाकणारं किंवा काडी लावणारं माणूस घरातलंच निघायचं, जास्त करून असं की ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. नवी सून, लग्न ठरत नसलेली पोरगी, सावत्र पोर.

म्हणजे भूत खोटं. 'वह कौन थी'सारखंच. मी ह्या कामाच्या बाजूचा माणूस आहे, भूत उतरवायच्या नावाखाली बाईला साखळीनं बांधून मारतात ते ज्यानं बघितलंय तो दुसऱ्या बाजूला जाऊच शकत नाही, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्या असल्या मारहाणीला गुन्हा ठरवतो ते बरंच झालं. पण तेव्हापासून एक वाद कायम ऐकू येतो की मग भूत खरं दाखवणारे पिक्चर म्हणजे अंधश्रद्धेचा प्रचार, आणि शेवटी भूत खोटं ठरवणारे चांगले. इथं माझं जमत नाही. गावात विचारपूस करणारा भूत खोटं ठरवून थांबत नाही, तो विचारतो की दगड टाकावासा का वाटला. पिक्चरमधला खोट्या भुताचा शेवट हे विचारतच नाही, इस्टेटीचा लोभी चुलता पकडला की खेळ खलास, घर आधी होतं तसंच्या तसं. उलट खऱ्या भुताच्या चांगल्या पिक्चरमध्ये तो प्रश्न भूतच विचारतं. ते कुणाच्या तरी वतीनं दगड टाकत असतं.

१९८० चा 'गहराई' घ्या. त्याला 'एक्झॉर्सिस्ट'ची नक्कल म्हणून लोक मोकळे होतात, पण इंग्रजीत सैतान येतो आणि इथं गोष्ट सुरू होते बापानं गावाकडची जमीन विकल्यापासून. पोरगी झपाटते शहरात, मूळ मात्र त्या मातीत आणि बापानं तिथं जे केलं त्याच्यात. सातबारा आणि भूत एका जागी आणणारा दुसरा पिक्चर मला तरी आठवत नाही. आणि भानामतीच्या सगळ्यात जवळचा इंग्रजी पिक्चर म्हणजे १९८२ चा 'पोल्टरगाइस्ट', खुर्च्या हलतात, सामान उडतं, आणि कारण काय तर बिल्डरनं स्मशानावर कॉलनी केली, वरचे दगड हलवले, खालची मढी तशीच ठेवली. आमच्या बायपासला असे किती प्लॉट पडलेत ते विचारू नका.

१९९३ हे साल मात्र विचित्र आहे. त्या साली मराठीत 'झपाटलेला' आला, बाहुल्यात जीव जातो ही कल्पना १९८८ च्या एका इंग्रजी पिक्चरची, पण बोलक्या बाहुलीची कला आपली घरची, म्हणून तात्या विंचू इथलाच वाटला, आणि पोरं वर्षभर 'ओम फट् स्वाहा' करत एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्याच साली टीव्हीवर त्या सात भावांपैकी काहींनी भुतांची मालिका सुरू केली. आणि त्याच साली ३० सप्टेंबरला, गणपती बुडवून माणसं झोपली होती तेव्हा पहाटे चार वाजायच्या जरा आधी किल्लारीचा भूकंप. दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याच्याखाली जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही अंगणात झोपलो, पाऊस आला तरी आत जायचं नाही. पुढं कुणाकडं तरी केबल आलं आणि ती मालिका सुरू झाली की पडद्यावर जुनी हवेली, दार करकरतंय, आणि आज्जी म्हणायची, अगं त्या पोरीला आधी बाहेर काढा, माळवद पडंल. तिला भूत दिसतच नव्हतं. भीतीचा पिक्चर कशानं चालतो ह्याच्यावर मी बरंच वाचलं असेल, पण त्या वाक्याच्या पुढं गेलेलं काही नाही बघितलं. बघणाऱ्याला आधीच कशाची भीती आहे तिथं बोट पडलं पाहिजे.

म्हणून पुढचे पिक्चर चालले. 'रात' (१९९२) नि 'भूत' (२००३) ह्यांनी हवेली सोडून साधं घर आणि फ्लॅट धरला, 'भूत'मध्ये तर गाणीच नाहीत, नि लिफ्टची भीती ज्याच्या गावात लिफ्टच नाही त्याला पण वाटली. 'लपाछपी' (२०१७) मध्ये अंधार सुद्धा फारसा नाही, भर उन्हात, चारी बाजूनं ऊस आणि मधी गरोदर बाई. उसात शिरलेल्या माणसाला दहा पावलावर दिशा कळत नाही, नुसती पानं सळसळतात आणि अंगाला कापतात, हे ज्याचा फडाशी संबंध आलाय त्याला सांगावं लागत नाही. आणि त्यातल्या भुतांच्या मुळाशी काय, तर पोरींना जन्माला येऊ न देणं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं ८०७ पोरी होत्या. असल्या पिक्चरच्या शेवटी डॉक्टर येऊन भूत खोटं होतं म्हणाला असता तर काय उपयोग? डॉक्टरचा पण हात होताच की त्यात.

गंमत बघा, २००७ च्या 'भूल भुलैया'त भूत नव्हतं, मनाचा आजार होता, शेवटी डॉक्टर जिंकतो. २०२२ च्या दुसऱ्या भागात मंजुलिकाच्याच नावाखाली खरं भूत आलं. नाव तेच, निर्णय उलटा. काहींना हा ऱ्हास वाटतो. मला दुसरा भाग विनोदी म्हणून ठीक वाटला, भीती कुठंच नाही, तेव्हा खरं भूत ठेवलं म्हणजे झालं असं पण नाही.

'तुंबाड'. २०१८ ला आला तेव्हा फार कुणी बघितला नाही, बनवायलाच सहा वर्षं लागलेली, आणि २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. त्यातला पाऊस हा देवांचा कोप आहे, सतत पडतो. आमच्याकडं २०१६ ला लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, त्यामुळं पाऊस हा शाप असू शकतो हे २०१८ ला मला पटायला जड गेलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत बघितला तेव्हा मराठवाड्यात सोयाबीन पाण्याखाली होतं. तेव्हा पटलं.

घरी मोबाईलवर आईला दाखवला. हस्तर हा त्यातला शापित देव, सोनं, विहिरीसारखा तो गर्भ, कशालाच तिनं दाद दिली नाही, मेथी निवडत बघत होती. ती साखळीनं बांधलेली म्हातारी आली, जिला हस्तरचं नाव घेतलं की झोप लागते, तेव्हा आईचा हात थांबला. म्हणाली, आपल्या वाड्यात पण होती एक, माझं लग्न व्हायच्या आधी, ढेळजेच्या मागच्या खोलीत, भानामती झालीय म्हणायचे. मी विचारलं कोण होती. तुझ्या आज्ज्याची बहीण, असं म्हणाली आणि जुडीतला पिवळा पाला वेगळा काढायला लागली.