परसबाग

परसबाग : घरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने, विक्रीचा हेतू न ठेवता, घरालगत फुलवलेली बाग. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. शब्द तिथून आला असला तरी आता अंगण, गच्ची, सज्जा आणि खिडकीतल्या चार कुंड्या यांनाही तो लागतो. शेती किंवा फळबाग यांच्यापेक्षा ती वेगळी ठरते ती तिच्यातल्या सरमिसळीमुळे. हातभर जागेत लिंबाचे झाड, त्याच्या सावलीत पुदिना, कुंपणावर वेल आणि मधल्या मातीत आपसूक उगवलेले काहीबाही असा तिचा संसार असतो. एकाच पिकावर येणारी कीड अशा जागी सहसा हाताबाहेर जात नाही. उलट, प्रत्येक झाडाची पाण्याची आणि उन्हाची गरज निराळी असल्याने सगळ्यांना सारखे वागवून चालत नाही. परसबागेतली झाडे दुर्लक्षाने मरतात, पण अतिकाळजीने दगावणाऱ्यांची संख्याही कमी नसते.

झाड लावणे : रोप आणताना बहुतेक जण पाने-फुले पाहतात, पाहायला हवीत मुळे. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे मातीच्या गड्ड्याभोवती गोल फिरलेली असतात. ती तशीच लावली तर जमिनीतही गोलच फिरत राहतात आणि काही वर्षांनी बुंध्यालाच फास लावतात. म्हणून लावण्यापूर्वी ही वेटोळी सोडवून पसरावीत, न सुटणारी सरळ कापावीत. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण खोल मात्र गड्ड्याच्या उंचीइतकाच. जास्त खोल खणून खाली भुसभुशीत माती भरली की ती पुढे दबते आणि रोप आत खचते. झाड नीट खोलीवर लागले आहे का हे ओळखण्याची खूण सोपी आहे. बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो थोडा फाकलेला दिसला पाहिजे. विजेच्या खांबासारखा तो सरळ मातीत घुसत असेल, तर झाड खोल लागले आहे. अशा झाडाची साल ओलसर मातीत कुजते आणि दोष मात्र पाच-सात वर्षांनी, झाड मलूल झाल्यावर कळतो.

पाणी देण्यासाठी करायचे आळे बुंध्याला चिकटून नसावे. झाड वाढेल तसे ते बाहेर सरकवत न्यावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याहीपलीकडे पसरलेली असतात. मोठ्या झाडाचीही अशी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरभर थरातच असतात. आळ्यात पाचोळ्याचे ५ ते १० सेंमी. जाड आच्छादन घातले की ओल टिकते आणि तण दबते. तेही बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

बी की कलम : सफरचंदाच्या बीतून आलेले झाड मूळ झाडासारखे फळ देत नाही, कारण त्या बीत परक्या परागाचा वाटा असतो. लिंबूवर्गातील अनेक जाती याला अपवाद आहेत. त्यांच्या एका बीतून दोन-तीन रोपे निघतात आणि त्यांतली काही मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असतात. जात जशीच्या तशी राखायची तर कलमाला पर्याय नाही. खुंट (खालचे मुळांचे रोप) आणि कलमकाडी (त्यावर बसवायची हव्या त्या जातीची काडी) यांच्या सालीखालचा हिरवट, ओला थर एकमेकांना भिडला तरच सांधा जुळतो; बाकी लाकूड कितीही घट्ट बांधले तरी उपयोग नाही. घरी करून पाहायला सर्वांत सोपे ते गुटी कलम. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरून २–३ सेंमी. रुंदीचे सालीचे कडे काढायचे, त्याभोवती ओले शेवाळ बांधून प्लास्टिकने आवळायचे. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली येते. कड्यापाशी त्याची वाट अडते आणि तिथेच मुळ्या फुटतात. कलमी झाडाच्या सांध्याखालून आलेला फुटवा लगेच काढावा. तो खुंटाचा असतो, जोरकस वाढतो आणि वरच्या जातीला मागे टाकतो.

छाटणी : झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. इजा झालेला भाग झाड आतून बंदिस्त करते आणि वरून नवे लाकूड चढवते. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून ही प्रक्रिया १९७० च्या दशकात उलगडून दाखवली. त्यातून छाटणीचे जुने शिरस्ते बदलले. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, किंचित फुगीर कॉलर असते. काप तिच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडालगत सपाट कापले तर कॉलर जाते आणि कूज आत शिरते, तर लांब खुंटी ठेवली तर तीच कुजते. कापावर डांबर किंवा रंग फासल्यानेही कूज थांबत नाही. जड फांदी एका घावात उतरवू नये, ती तुटताना खोडाची साल सोलत खाली येते. आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून दुसरा आणि शेवटी कॉलरपाशी तिसरा, हा क्रम.

पाणी : कोमेजलेले रोप दिसले की हात झारीकडे जातो. पण मुळे पाण्यात गुदमरली तरी पाने तशीच माना टाकतात, कारण हवेवाचून मुळांना पाणी ओढता येत नाही. वरून दिसणारे लक्षण एकच, कारणे मात्र उलटी. त्यामुळे तहानलेले समजून बुडालेल्या झाडावर आणखी पाणी ओतले जाते. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. ओल लागली तर त्या दिवशी झारी बाजूला ठेवावी.

अवजारे : खुरपे, कुदळ, फावडे, झारी आणि छाटणीची कात्री एवढ्यात बहुतेक कामे होतात. हिरवळ कापण्याचे यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचून बनवले, पण लहान परसाला त्याची गरज नसते. कात्रीवर मात्र काटकसर करू नये. एकमेकांवरून सरकणाऱ्या दोन पात्यांची कात्री ओल्या फांदीला स्वच्छ काप देते. पाते पट्टीवर दाबणारी कात्री फांदी चेंगरते, ती वाळक्या काड्यांपुरती ठेवावी. रोगट झाड छाटल्यावर पाती स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नयेत.

पाहुणे : बागेत येणाऱ्या जीवांपैकी फार थोडे खरे उपद्रवी असतात. गुलाबाच्या पानाला कडेने कंपासने काढल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले की लोक फवारणी शोधतात. हे काम पाने कातरणाऱ्या एकांड्या मधमाशीचे असते. ती पान खात नाही. तुकडे नेऊन एखाद्या पोकळ काडीत अंड्यांसाठी खोल्या बांधते आणि जाता-येता बागेतील फुलांचे परागण करते. ढालकिड्याच्या अळीचेही असेच होते. ठिपक्यांचा लाल ढालकिडा सर्वांना आवडतो, पण त्याची काळपट, खडबडीत अळी ओळखू न आल्याने चिरडली जाते. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, फस्त करण्यात तीच आघाडीवर असते. कोवळ्या शेंड्यावर मावा आहे की नाही हे पुष्कळदा मुंग्याच सांगतात. माव्यातून झरणाऱ्या गोड द्रवासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकतात. त्यामुळे मुंग्यांची वाट तोडली की माव्याचा निम्मा बंदोबस्त होतो.

गांडुळांच्या कामाकडे चार्ल्स डार्विन यांनी अनेक दशके लक्ष ठेवले आणि १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. पूर्व आफ्रिकेतून जगभर पसरलेली आफ्रिकन महाकाय गोगलगाय मात्र खरोखर नासधूस करते. ती उचलताना हातमोजे घालावेत, कारण तिच्यात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक जंत) असू शकतात. फळांवर जाळी टाकायची तर करंगळी न शिरेल इतकी बारीक आणि ताणून बांधलेली हवी. सैल, मोठ्या भोकांच्या जाळीत पक्षी, वटवाघळे आणि उंदरांमागे आलेले साप अडकून मरतात.

मधमाश्यांच्या सुमारे २०,००० ज्ञात जातींपैकी बहुतेक पोळे बांधत नाहीत, त्यांतल्या कित्येक जमिनीत बीळ करतात. परसातील प्रत्येक वीत फरशीने, हिरवळीने किंवा पाचोळ्याने झाकलेली असेल तर त्यांना जागाच उरत नाही. उन्हाचा एखादा उघडा, न खणलेला कोपरा सोडला की तिथे पेन्सिलीच्या टोकाएवढी भोके आणि त्यांच्या तोंडाशी मातीचे बारीक ढीग दिसू लागतात.