गाडीत गाणी लावणं आणि मुलासोबत गाणं ऐकणं

ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला शेजारीशेजारी उभ्या दोन गाड्या. दोन्हींत मागे तीन वर्षांचं मूल, दोन्हींत बडबडगीत चालू. बाहेरून फरक कळणार नाही. कळून घ्यायचा तर गाणं मध्येच थांबवा. मूल मान वळवतं, ‘लाव ना’ म्हणतं किंवा पुढची ओळ स्वतःच म्हणतं, तर ते ऐकत होतं. काहीच झालं नाही, तर गाणं नुसतं वाजत होतं.

नुसतं वाजण्यात वाईट काही नाही. पाळणाघरातून दमून निघालेल्या, पेंगणाऱ्या मुलाला तेच बरं. घोळ होतो तो त्यालाच ‘संगीताचे संस्कार’ म्हणण्यात. पाऊण तासाची प्लेलिस्ट, पंधरा गाणी, एकही दोनदा नाही, ही सोय मोठ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून असते. मुलाला गाणं पुन्हापुन्हा हवं असतं, तेव्हाच ते तोंडात बसतं.

सोबत ऐकायचं तर एकच गाणं घ्या, दोन-तीन मिनिटांचं, आणि मानपाडा ते कासारवडवली एवढ्या टप्प्यात तीनदा लावा. पहिल्यांदा मध्ये बोलू नका. दुसऱ्यांदा ठेका: केरवा ताल असेल तर आठ मात्रांतल्या पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर मांडीवर थाप, दादरा असेल तर सहांतल्या पहिल्या आणि चौथीवर. थाप मुलाशेजारी बसलेल्याने द्यायची. चालवणाऱ्याने फक्त गायचं. तिसऱ्यांदा ओळीचा शेवटचा शब्द येण्याआधी गाणं थांबवा आणि चार-पाच सेकंद गप्प राहा. हे गप्प राहणंच मोठ्यांना जमत नाही. दुसऱ्या सेकंदाला ते शब्द सांगून मोकळे होतात.

मुलाची थाप पुढेमागे पडेल. ती सुधारत बसू नका. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते, म्हणून गाणं बंद करून त्याच्या वेगाने तुम्हीच गा. खर्जात गाल तर मुलाला ते उचलता येणार नाही, थोडं वरच्या पट्टीत घ्या. आणि ‘हे कुठलं वाद्य, सांग बरं?’ असली तोंडी परीक्षा नकोच. मूल गप्प होतं.

आवाजाचं गणित मात्र दोन्हीकडे सारखंच बिघडतं. खिडकी उघडी, बाहेर ट्रकचे हॉर्न, एसीचा पंखा पूर्ण वेगात, आणि त्यावर मात करायला आवाज चढवलेला. आधी काचा वर घ्या, पंखा कमी करा, बास म्हणजे खालचा घुमणारा आवाज उतरवा. बास जास्त असला की शब्दच दबतात. मागच्या दारांतले स्पीकर मुलाच्या जवळ असतात, त्यामुळे फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं सेटिंग) दोन-तीन घरं पुढे सरकवा. पुढच्या सीटवरून नेहमीच्या आवाजात बोललेलं मागे ऐकू जात असेल तर पातळी ठीक. हेडफोन हा यावरचा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा उपकरणांसाठी मुलांची मर्यादा ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी ठेवली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ते तास निम्मे होतात. शिवाय कान झाकले की सोबत ऐकणं तिथेच संपतं.

गाणं पार्किंगमध्येच निवडून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा, नाहीतर ते एक गाणं संपताच ॲप भलतंच काही सुरू करतं आणि चालवणाऱ्याचा हात फोनकडे जातो. चालवताना फोन हातात घेणं मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. गायमुख घाटात धो धो पाऊस लागला, तर दोन्ही प्रकार बंद.